जाळी घरी येईपर्यंत

शाळेत कोणी नवीन मुलगी आली आणि तिने "कुठे राहतेस गं?" असं विचारलं, की सुरुची आता एका दमात सांगून टाकते, "चौकला. जाळ्यांच्या खोलीत." समोरचीचा चेहरा बघण्यासारखा होतो. चौक तिला माहीत असतं, उत्तनच्या पुढचं समुद्राकाठचं गाव, भाईंदर स्टेशनवरून बस जाते ते. पण जाळ्यांच्या खोलीत माणसं कशी राहतात?

पण हे आत्ताचं झालं. गेल्या वर्षी हाच प्रश्न आला की सुरुची बॅगेत काहीतरी शोधायला लागायची. ती म्हणायची, "खारीला," आणि पटकन विषय बदलायची. तसं ते अर्धं खरं होतं. भाईंदरमध्येच, खारीला, त्यांचं घर होतंच. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, हॉलच्या खिडकीत मनीप्लांट. बाबांनी, म्हणजे यतीनने, लालबागची खोली विकून आणि वर बँकेचं कर्ज काढून ते घेतलेलं. फक्त त्या घरात जाता येत नव्हतं, एवढंच.

झालं असं. गणपती गेले त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराचा स्लॅब कोसळला. गॅसच्या शेगडीवर कुकर होता, तो चपटा झाला. तिथल्या काकू तेवढ्यात दार उघडायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. बिल्डिंग धोकादायक आहे हे सगळ्यांना माहीत होतं. जिन्याला तडे होते, गच्चीत पिंपळ उगवला होता. पण दुरुस्तीची मीटिंग भरली की भांडणच व्हायचं. जमीन सोसायटीच्या नावावर झालेलीच नव्हती आणि बिल्डर कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे नवीन बिल्डिंग बांधायला कोणी पुढे येईना. मग एके दिवशी महापालिकेची माणसं आणि पोलीस आले, पाणी तोडलं, वीज तोडली आणि दुपारपर्यंत सगळी बिल्डिंग रस्त्यावर.

फ्रिज रस्त्यावर. गाद्या रस्त्यावर. गणपतीचं थर्माकोलचं मखर, ते पण रस्त्यावर, आणि त्याच्यात सुरुचीची शाळेची बॅग मूर्तीसारखी बसवलेली. कोणी भावाकडे गेलं, कोणी गावाला. सुरुचीची आई संपदा फ्रिजला टेकून उभी होती आणि फोनवर एकेका नातेवाइकाला "नाही नाही, आमचं होतंय काहीतरी" असं हसून सांगत होती. होत काहीच नव्हतं.

तेवढ्यात शकूमावशी आली, नेहमीसारखी डोक्यावर पाटी घेऊन. चौकची कोळीण, सुरुचीच्या जन्माच्या आधीपासून ह्या बिल्डिंगला मासे देणारी. आईने सवयीने हात हलवला.

"आज नको गं शकूताई. मासे ठेवायला जागा नाही."

शकूमावशीने पाटी खाली ठेवली. गाद्या बघितल्या, मखर बघितलं, मग आईकडे बघितलं.

"मासल्यांना जागा न्हाय, नि तुमाला हाय?"

आई तिथेच रडायला लागली. सकाळपासून पहिल्यांदा.

शकूमावशी रडणाऱ्या बायकांपाशी थांबणाऱ्यातली नव्हे. तिने बर्फवाल्याच्या टेम्पोला रस्त्यातच हात केला आणि ओरडली, "अरे भैया, गाडी इधर ले. चौक जाने का है. हां हां, फ्रिज भी!" बाबा म्हणत होते, "अहो पण, अहो ऐका तर." पण फ्रिज टेम्पोत चढला होता.

अशी ती मंडळी जाळ्यांच्या खोलीत आली. शकूमावशीच्या घराला लागून एक लांबट खोली होती, वर पत्रे, समुद्राकडे एक खिडकी. मासेमारीच्या मोसमात जाळी बोटीवर असतात, त्यामुळे ती रिकामी. जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली, बोटी किनाऱ्यावर ओढल्या, की पावसाळाभर जाळी तिथे राहतात. संध्याकाळी शकूमावशीचा नवरा गोवर्धनकाका बोटीवरून आला. उंच, काळाभोर, दिवसाकाठी दहा-बारा शब्दांवर भागवणारा माणूस. त्याने सामान बघितलं, बाबांना बघितलं आणि म्हणाला,

"जाली घरी येईपरत खोली रिकामीच हाय. राव्हा."

एवढं बोलून तो जेवायला गेला. पण बाबांनी ते वाक्य करारासारखं धरून ठेवलं. जाळी घरी येईपर्यंत. म्हणजे मे महिना संपेपर्यंत. त्यानंतर एक दिवसही नाही.

आईने खोली फिनाईलने धुतली, मग परत धुतली. वास गेला नाही. भिंतीतच मुरला होता तो, बोंबलांचा, मिठाचा आणि दोरांचा. संडास शकूमावशीचा, वीज शकूमावशीच्या घरातून ओढलेल्या वायरची, पाणी शकूमावशीच्या नळाचं. पहिल्या आठवड्यात सुरुची शाळेत शेवटच्या बाकावर बसायची, कोणाला युनिफॉर्मचा वास येऊ नये म्हणून. मग एक दिवस तिची मैत्रीण समिधा हळूच म्हणाली, "तुझ्या डब्यातली ती सुक्या जवळ्याची चटणी उद्या जास्त आणशील?" सुरुची दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर येऊन बसली. बस्स, एवढंच लागतं कधीकधी.

बाबा घर शोधत होते. रोज ऑफिसातून सुटले की मीरा रोडला उतरायचे आणि एजंटबरोबर फिरायचे. ज्या घरात राहता येत नाही त्याचा हप्ता बँक कापतच होती. त्यावर भाडं आणि वर डिपॉझिट, हे गणित कुठेच बसेना. जिथे बसल्यासारखं वाटायचं तिथे एजंट विचारायचा, "फॅमिली है ना? व्हेज है?" बाबा खरं बोलायचे. बाबांचा हा प्रॉब्लेम आहे. मग एजंट म्हणायचा, "सोसायटी नहीं मानेगी सर." एकदा एका मालकाला सगळं पसंत पडलं होतं, पण त्याने विचारलं, "अभी कहाँ रहते हो?" बाबा म्हणाले, "चौक में, एक कमरे में, जहाँ जाल रखते हैं." तो फोन परत आला नाही.

"तुम्ही थोडं खोटं बोलत चला ना," आई म्हणाली.

"काय बोलू? समुद्र बघायला राहतो म्हणून सांगू?"

सुरुची बसमध्ये बसली की कधीकधी दुर्गाबाईंचा विचार करायची. दुर्गाबाई खारीच्या बिल्डिंगचा जिना झाडायच्या आणि मीटरच्या खोलीत राहायच्या. फ्लॅटवाल्यांना निदान नोटीस तरी आली. दुर्गाबाईंना नोटीस कोण देणार, त्यांचं घर घर म्हणून मोजलेलंच नव्हतं. त्या दिवशी त्या एक गाठोडं घेऊन राई गावाच्या बाजूला चालत गेल्या, एवढं सुरुचीने पाहिलं होतं. त्यांच्यासमोर कोणी पाटी खाली ठेवली असेल का? तिला माहीत नव्हतं. मैत्रिणी जेव्हा "तू किती लकी गं, तुला मावशी भेटली" म्हणायच्या, तेव्हा सुरुचीला आनंद व्हायचाच, पण थोडा रागही यायचा. छप्पर हे काय लकी ड्रॉमध्ये मिळायची गोष्ट आहे?

असो. मे महिना आला, आणि घर मिळालं नव्हतं.

बाबांनी मग ठरवून टाकलं. आई आणि सुरुची चिपळूणला मामाकडे जाणार. बाबा ऑफिसातल्या एका मित्राच्या खोलीवर, तिथे चौथी कॉट मावते. सुरुचीची दहावी चिपळूणच्या शाळेत.

"एकच वर्ष," बाबा म्हणाले.

"दहावीचं वर्ष," सुरुची म्हणाली.

"मग शकूमावशींना सांगू, जाळी रस्त्यावर ठेवा, आम्हाला जागा द्या? लोकांनी आपल्यासाठी एवढं केलं. त्यांना 'निघा' म्हणायची वेळ आणायची नाही. माणसाने आपण होऊन उठावं."

 आई ट्रंकेतले कपडे नुसते खालीवर करत राहिली. सुरुचीला कळलं की आईलाही जायचं नाहीये. आणि हेही कळलं की दोघं शकूमावशीला विचारणार नाहीत. मेले तरी नाहीत. त्यांच्या घरात मागण्यापेक्षा जाणं सोपं होतं.

त्या वर्षी वाऱ्याचा इशारा आला म्हणून बोटी जरा लवकर परतल्या. रविवारी सकाळी हातगाडीवरून जाळी आली आणि अंगणात ओतली गेली. केवढी ती! डोल म्हणतात त्यांना, अवाढव्य पिशव्याच जणू, एका बाजूला रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला निमुळती होत गेलेली शेपटी. ओली, जड, कुठे कुठे बोंबील अडकलेले. गोवर्धनकाकाचे खलाशी हिशेब करून कालच गावाला गेले होते. तो आणि शकूमावशी बोट वर ओढायला किनाऱ्यावर गेले. बोट ओढायला सगळं गाव लागतं.

"चला," बाबा म्हणाले. "ते येईपर्यंत खोली रिकामी करून जाळी आत लावून ठेवू. त्यांना सांगावंच लागणार नाही."

आता एक लक्षात घ्या, ही मंडळी लालबागची, नंतर खारीची. ह्यांनी आयुष्यात जाळ्यातले मासे खाल्ले होते, जाळं उचललं नव्हतं. पण घर आवरणं म्हटलं की आईचा हात कोण धरणार? सामान बाहेर काढून भिंतीशी लावून झालं. मग आईने पदर खोचला आणि म्हणाली, "सुरुची, ते टोक धर."

"कुठलं टोक?"

"चादरीचं धरतो तसं."

जाळ्याला टोकच सापडेना. शेवटी सापडलं त्याला टोक मानून दोघींनी ओढलं, मधोमध दुमडलं, परत दुमडलं. घडी! बाबांनी सुतळीने रद्दीसारखी बांधली. पहिली घडी भिंतीला लागली तेव्हा तिघांनाही एवढा अभिमान वाटला की विचारू नका. मग दुसरी. मग तिसरी. तोंड शेपटीत गेलं, शेपटी तोंडात गेली, बुयांची, म्हणजे जाळं तरंगत ठेवणाऱ्या गोळ्यांची, एक माळ आईच्या कमरेत अडकली. पण दुपारपर्यंत सगळी जाळी कपाटात नव्या चादरी लावाव्यात तशी आत रचली गेली. अंगण साफ. आईने झाडूनही काढलं.

शकूमावशी आली ती अंगणात थबकली.

"जाली कं गेली?"

"आत," आई घाम पुसत म्हणाली. "आम्ही लावून ठेवली."

शकूमावशीने आत डोकं घातलं. मग आतून जो आवाज आला तो सुरुचीने आयुष्यात ऐकला नव्हता.

"आयो! घरी केली! गो वयनी, जाल्याची घरी केली?" घडीला ती घरी म्हणायची. ती बाहेर आली ती पोट धरून. रडते की हसते ते पहिल्यांदा कळेना. "ओ, या, इकरं या! बघा तुमची डोल इस्त्रीला दिल्यान!"

गोवर्धनकाका आला. त्याने बघितलं. तो हसला नाही.

"वली हाय," तो म्हणाला.

मग आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण त्याने केलं. ओलं जाळं घडी करून ठेवलं की आतले मासे कुजतात. कुजले की उंदीर येतात. उंदीर आले की एका रात्रीत जाळ्याची चाळण. आधी किनाऱ्यावर पसरायचं, वाळवायचं, झटकायचं, फाटलेलं शिवायचं आणि मग तोंडाकडून शेपटीकडे सरळ लावायचं. नाहीतर पुढल्या मोसमात समुद्रात सोडताना ते उघडतच नाही.

बाबांचा चेहरा स्लॅब पडला त्या दिवशीसारखा झाला. "मी... आम्हाला वाटलं तुम्हाला मदत..."

"कपरे बदलून या," काका म्हणाला. "उन हाय तवर सोरवू."

मग सगळी जण किनाऱ्यावर. बाबांकडे बदलायला कपडे नव्हतेच, सगळे बॅगांत बांधलेले, म्हणून ते ऑफिसच्या पँटवरच वाळूत बसले. गाठीमागून गाठ. एक सुटली की तिच्यातून तीन निघायच्या. शकूमावशी मधेच "इस्त्री!" म्हणायची आणि परत हसत सुटायची. शेजारच्या बायका बघायला आल्या, त्याही हसल्या आणि हसता हसता खाली बसून गाठी सोडायला लागल्या.

सुरुचीच्या समोर गोवर्धनकाका बसला होता. त्याची बोटं जाळ्यातून अशी चालत होती की गाठ त्यांना घाबरून स्वतःच सुटतेय असं वाटावं.

"वयनी," शकूमावशीने अचानक विचारलं, "ते सामान भाएर कशाला काढलाव?"

 बाबा गाठ सोडण्यात एकदम गुंतून गेले. आईने पदर नीट केला. सुरुचीने दोघांकडे पाहिलं आणि तिला वाटलं, आता हे दोघं म्हणणार, 'आमचं होतंय काहीतरी.' हसून म्हणणार. आणि संध्याकाळी ती एका गाडीत असेल आणि बाबा दुसऱ्या गाडीत.

मग तिनेच तोंड उघडलं.

"काका, आम्ही राहू का?"

"सुरुची!" बाबा.

"आम्हाला घर मिळालेलं नाही. बाबा मित्राकडे कॉटवर जाणार आणि मी नि आई चिपळूणला. मला नाही जायचं. माझी दहावी आहे. तुम्ही म्हणाला होतात जाळी येईपर्यंत, ते मला माहीत आहे. म्हणून बाबा विचारत नाहीत. मी विचारतेय. नाही म्हणालात तरी चालेल, मी रडणार नाही. म्हणजे रडेन, पण तुमच्यासमोर नाही."

शकूमावशीचे हात थांबले. ती बाबांकडे वळली. "म्हंजे तुमी आजच जातांव? माना न सांगता? मी काय मेली होती का?"

"अहो, जाळी आली ना," बाबा कसंबसं म्हणाले. "काकांनी सांगितलं होतं..."

"या मानसाचा आयकता? हा बोलतो ता नुसता हवेचा बोलतो!"

पण गोवर्धनकाका हवेचं बोलत नव्हता. तो सुरुचीकडे बघून हळूहळू म्हणाला, "पोरी, जाली भाएर ठेवली त उंदीर सोरत न्हाय. पावसाला हाय. जाली गेली त आमी खावाचा काय?"

ते खरंच होतं. सुरुचीला त्याचा राग येईना. त्याची बोट, त्याचं जाळं, त्याचं पोट. तिने मान खाली घातली आणि गाठ सोडायला घेतली. ती काही केल्या सुटेना, कारण तिला ती नीट दिसतच नव्हती.

गोवर्धनकाकाने हातातली गाठ सोडवली आणि जाळं उचलून उन्हात धरलं. 

"माजा बापूस," गोवर्धनकाका म्हणाला, "जाली वर टांगायचा. वाशांना. उंदीर वर कसे चरतील? जमनीवर ठेवाची सवय आमचीच, खोली होती म्हनून." तो थांबला. "वर जाली, खाली तुमी. जागा व्हते. वास येल."

"वास!" शकूमावशी उसळली. "अख्खा मोसम बोंबलात झोपल्यान ती मानसा, नि हा त्यांना वासाचा सांगतो!"

बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बहुतेक 'नको, तुम्हाला त्रास' असंच असणार. आईने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांच्याआधी बोलली.

"राहू आम्ही. घर शोधतोय, ते शोधणारच. पण तोवर राहू. आणि शकूताई, जाळी शिवायला मला शिकव."

"शिकवीन. पयले वचन दे, परत घरी करनार न्हाय."

दोन दिवस जाळी उन्हात होती. तिसऱ्या दिवशी वाशांना दोर बांधले. काका वर चढला, बाबा खालून ओढायला. पहिली डोल वर जाताना सुकलेले खवले आणि मीठ सगळ्यांच्या डोक्यावर असं भुरभुरलं की सुरुची हसत सुटली. खालून बघितलं तर पत्रे दिसतच नव्हते. नुसतं जाळंच जाळं, आणि त्याच्यातून आलेलं खिडकीचं ऊन फरशीवर चौकोन चौकोन पडलेलं.

हे काही घर नव्हतं. सुरुचीला ते पक्कं माहीत होतं, आणि एक दिवस स्वतःचं दार हवं, स्वतःचा नळ हवा, हेही. पण चिपळूणला मामाला फोन लावून बाबा सांगत होते, "नाही येत रे. दहावी इथेच. हो, जागा आहे. हो हो, पक्की आहे," आणि सांगताना त्यांचा आवाज कितीतरी महिन्यांनी मोकळा झाला होता.

सुरुची शकूमावशीपाशी गेली. काय म्हणायचं ते तिने मनात छान जुळवलं होतं. मावशी, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते, वगैरे. अर्ध्यावरच शकूमावशीने तिच्या हातात दोरा भरलेली जाळं शिवायची सुई कोंबली.

"आबार नको मानू गो. त्यो भोक बघ केवरा हाय. बस."

सुरुची बसली. पहिला टाका वाकडा आला, दुसरा त्याहून वाकडा. मावशीने दोन्ही उसवले आणि तिचा हात हातात धरून तिसरा घातला.

"अजून वर, काका!" आतून आई ओरडत होती. "ह्यांचं डोकं अडकतंय!"